बकऱ्याचं दिल आणा अन् हृदय एकदाचं समजून घ्या

मी नागपुरात अकरावी-बारावीच्या पोट्ट्यांची बायोलॉजीची ट्यूशन घेते. दरवर्षी तेच होतं, हृदयाची आकृती सगळ्यांना लाल-निळ्या रंगासकट पाठ, पण "महाधमनी पुढे असते का फुप्फुसधमनी", म्हणजे शरीराला रक्त नेणारी मोठी नळी का फुप्फुसाला नेणारी, असं विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. हसायचं तरी कसं, कॉलेजात प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत मला ट्रेमधल्या हृदयाची डावी बाजू दाखवायला सांगितली होती अन् मी मोठ्या थाटात उजवी दाखवली होती, कारण पुस्तकातल्या चित्रात हृदयाचं डावं आपल्या उजव्या हाताला असतं आणि ट्रेमध्ये ते पालथं पडलेलं होतं. तेव्हापासून माझं एकच म्हणणं, आधी हातात घ्या, मग चित्र काढा.

बकऱ्याचं हृदय त्यासाठी झकास आहे. चार कप्पे, चार झडपा, सगळं आपल्यासारखंच, फक्त आकार लहान अन् जरा जास्त टोकदार.

रविवारी सकाळी गर्दी व्हायच्या आत मटणवाल्याकडे जा आणि दिल मागा, पण तोंड उघडल्याबरोबर पहिलं वाक्य "चिरा मारू नका" हेच असू द्या, कारण रक्त निघून जावं म्हणून ते सवयीनं उभा चिरा मारतात अन् मग अर्धी मजा गेली. माझा नेहमीचा दुकानदार दरवेळी म्हणतो, "मॅडम, चिरा नाही मारला तं साफ कसं करसान?" वरच्या नळ्या लांब हव्या असतील तर फुप्फुसासकट मागा, थोडे पैसे जास्त जातात पण नळ्या मुळापासून कापल्या जात नाहीत. घरी आणून नळाखाली धरा, प्रत्येक भोकातून पाणी सोडा, काळ्या-लाल गुठळ्या बाहेर येतील, त्या सगळ्या काढा. हातमोजे, कात्री, नवीन ब्लेड, दोन-तीन स्ट्रॉ, अगरबत्तीची काडी, जुने पेपर. ट्रे वेगळा घ्या, स्वयंपाकातली परात घेतली तर काय ऐकावं लागतं ते मी इथे लिहीत नाही.

आता कापायची घाई नको. टोक खाली धरून दोन्ही बाजू अंगठ्यानं दाबा. एक बाजू पिचपिचीत लागेल अन् एक टणक, टणक ती डावी. बस, एवढं लक्षात राहिलं की हृदय उलटं ठेवा नाहीतर पालथं, तुम्ही चुकणार नाही. खालचं टोकही डाव्या निलयाचंच (निलय म्हणजे खालचा कप्पा, अलिंद म्हणजे वरचा). पुढची बाजू कोणती तर जिथे चरबीनं भरलेली एक तिरपी खाच वरून खाली जाते अन् वर एक जाड नळी अगदी समोर दिसते ती. ही समोरची नळी फुप्फुसधमनी, महाधमनी तिच्या मागून वर येते.

त्या तिरप्या खाचेतली चरबी नखानं हळूच खरवडा, आत एक बारीक धमनी सापडेल. हार्ट अटॅकच्या गोष्टीत "एलएडी ब्लॉक आहे" म्हणतात ना, ती एलएडी म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त देणारी एक मोठी धमनी, माणसात ती याच जागी असते. वर अलिंद आणि निलयाच्या मधे हृदयाला वळसा घालणारी आणखी एक खाच आहे, तिच्यातून कोरोनरी धमन्या, म्हणजे हृदयाला स्वतःला रक्त देणाऱ्या धमन्या, रिंग रोडसारख्या फिरतात, अन् एलएडी म्हणजे त्यातून सरळ खाली निघालेला वर्धा रोड समजा.

मग स्ट्रॉ, वरच्या नळ्यांत एकेक घालून कोणती कुठे उतरते ते बघा. महाधमनीची भिंत इतकी जाड की रिकामी असली तरी तोंड गोल उघडं राहतं, महाशिरा, म्हणजे शरीरातून रक्त परत आणणाऱ्या मोठ्या शिरा, मात्र ओल्या फडक्यासारख्या चपट्या होतात. पोट्टे लाल म्हणजे धमनी अन् निळं म्हणजे शीर धरून चालतात, ते डोक्यातून काढा. हृदयापासून दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर, म्हणून फुप्फुसधमनीत ऑक्सिजन कमी असलेलं रक्त अन् फुप्फुसशिरांत ऑक्सिजनवालं. माणसात या फुप्फुसशिरा ४ असतात आणि मागच्या बाजूनं डाव्या अलिंदात उघडतात. एक फरक सांगून ठेवते, माणसाच्या महाधमनीच्या कमानीतून ३ मोठ्या फांद्या निघतात, बकऱ्यात एकच जाड खोड निघून पुढे फुटतं, तेव्हा मोजायला जाऊन गोंधळू नका.

कापायच्या आधी पाण्याचा खेळ नक्की करा. महाधमनीचं तोंड वर धरून त्यात बाटलीनं पाणी ओता. पाणी खाली निलयात जात नाही, तिथेच भरून थांबतं! वरून वाकून बघितलं तर ३ पातळ पडदे मधे येऊन एकमेकांना चिकटलेले दिसतात. हे बघून दरवर्षी एखादं पोट्टं तरी "ओ बाप्पा" म्हणतंच. पाणी भरकन उतरलं तर झडपेत गुठळी अडकलीय किंवा दुकानात सुरा लागलाय.

आता उजवी बाजू. वरच्या महाशिरेत कात्री घालून उजव्या अलिंदातून सरळ खाली उजव्या निलयापर्यंत कापा, कडेनं, मधल्या पडद्याला धक्का न लावता. आत त्रिदली झडप, तिच्या कडांना पांढरे दोरे, आणि ते दोरे खाली मांसाच्या उंचवट्यांना बांधलेले. संक्रांतीला पतंगाला कन्नी बांधता ना, तसंच काम. झडप या दोऱ्यांनी उघडत नाही, बंद झाल्यावर रक्ताच्या दाबानं मागे अलिंदात उलटू नये म्हणून ते ताणून धरतात. हे वाक्य परीक्षेत बरेच जण उलटं लिहितात. एक दोरा चिमट्यात धरून ओढून बघा, मजबूत असतो. दोन्ही अलिंदांमधल्या पडद्यामागे मोबाईलचा टॉर्च धरलात तर एक पातळ जागा उजळते, जन्माआधी तिथून रक्त थेट डाव्या अलिंदात जायचं.

डावी बाजू तशीच उघडा, द्विदली झडप दिसेल, अन् पट्टी घेऊन दोन्ही निलयांची भिंत मोजा. माणसात डावी उजवीच्या साधारण तिप्पट जाड असते. उजव्याला रक्त शेजारच्या फुप्फुसात ढकलायचं असतं, डाव्याला पायाच्या अंगठ्यापर्यंत, एका ठोक्याला सुमारे ७० मिली, मिनिटाला ५ लिटर.

माझी सगळ्यात आवडती जागा शेवटी. महाधमनी उभी चिरून पसरा. त्या ३ पडद्यांना दोरे नाहीत, शर्टाच्या खिशासारखे आहेत. दोन खिशांच्या मागे भिंतीत टाचणीच्या डोक्याएवढी बारीक भोकं शोधा, अगरबत्तीची काडी त्यात हळूच सरकवा अन् ती कुठे जाते ते बाहेरून बोटानं चाचपा. ही कोरोनरी धमन्यांची तोंडं. चोवीस तास रक्ताच्या लोंढ्यात बसलेल्या या स्नायूला स्वतःचं रक्त या दोन भोकांतून घ्यावं लागतं, आणि डाव्या निलयाला तर ते जास्त करून ठोका संपून स्नायू सैल पडतो तेव्हाच मिळतं.

शिरांच्या झडपा बघायला मात्र बकरा नको, स्वतःचा हात पुरे. रक्त शरीरात गोल फिरतं हे सांगणाऱ्या विल्यम हार्वी या इंग्रज डॉक्टरनं १६२८ मध्ये हेच दाखवलं होतं. दंडाला रुमाल जरा घट्ट बांधा, मूठ उघड-मीट करा, हातावरच्या शिरा फुगतील. मनगटाकडे एका शिरेवर बोट दाबून धरा अन् दुसऱ्या बोटानं शीर कोपराकडे निपटत न्या, मग ते वरचं बोट काढा. रक्त मागे येतं पण मधेच एका गाठीपाशी थांबतं, त्याखालची शीर रिकामी. ती गाठ म्हणजे झडप. खालचं बोट उचललं की शीर झटकन भरते. उन्हाळ्यात आपल्या इथे शिरा अशाच फुगलेल्या असतात, तेव्हा रुमालही लागत नाही.

झालं की सगळं पेपरात गुंडाळून ओल्या कचऱ्यात द्या, गच्चीवर सोडू नका. मी एकदा ट्रे कठड्यावर ठेवून हात धुवायला गेले अन् परत येईपर्यंत कावळ्यानं द्विदली झडपेचे दोरे तोडून नेले होते.