युद्धकाळातील नेत्यावर मित्रराष्ट्राची पकड कशी जोखावी

मराठवाड्यातील स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांनी प्रथम हे तपासावे की शस्त्रे, पैसा आणि गुप्त माहिती यांपैकी कशासाठी युद्धकाळातील नेत्याला मित्रराष्ट्राशिवाय दुसरा आधार नाही. १९५६ मध्ये सुएझ कालव्यावरून ब्रिटनने इजिप्तवर हल्ला केला, तेव्हा ब्रिटनच्या घसरत्या पौंडाला सावरण्यास अमेरिकेने नकार दिला आणि ब्रिटनला माघार घ्यावी लागली. मार्च २०२५ मध्ये मात्र अमेरिकेने मदत काही दिवस थांबवल्यावर युक्रेनने युद्धविरामाचा प्रस्ताव स्वीकारला, तरी भूभागावरील हक्क सोडला नाही. मदत रोखण्याचे परिणामही पाहावेत, आणि हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: १७९५ मध्ये आपल्या सीमेलगतच्या खर्ड्याच्या लढाईत मित्र असलेले इंग्रज तटस्थ राहिल्याने मराठ्यांकडून पराभूत झालेला निजाम फ्रेंच सेनानी रेमंडच्या फौजेवर अधिक विसंबला, आणि ती फौज मोडण्यासाठी इंग्रजांना १७९८ मध्ये तैनाती फौजेचा (निजामाच्या खर्चाने त्याच्याकडे इंग्रज फौज ठेवण्याचा) तह करावा लागला.