ऑर्थोच्या पहिल्या वर्षात येणाऱ्यांसाठी: रात्री ठणकणारं प्लास्टर आणि बाकीचं

ऑर्थोला, म्हणजे हाडांच्या डॉक्टरकीच्या पदव्युत्तर शिक्षणाला, नंबर लागला की पंधरा दिवस अभिनंदनाचे फोन येतात. त्यानंतर वॉर्डातली पहिली एकट्याची रात्र येते. सिनिअर ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये), लेक्चरर घरी, सिस्टर दारात उभी, आणि ठरवायचं तुम्ही. मी शिकलो तो याच सांगली-मिरज पट्ट्यात आणि आता प्रॅक्टिसही इथेच करतो. दरवर्षी नवी मुलं भेटायला येतात आणि विचारतात, कुठलं पुस्तक वाचू? पुस्तकं तुमचे सर सांगतीलच. त्या रात्री काय करायचं, ते मी सांगतो.

आपल्याकडचे पेशंट आधी ओळखून घ्या. दिवाळीच्या आसपास कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत गाळप चालतं. त्या महिन्यांत कॅज्युअल्टीचं रूपच पालटतं. उसाने भरलेल्या ट्रॉलीवरून पडलेले, अंधारात मागे लाल दिवा नसलेल्या ट्रॉलीला मोटारसायकल धडकलेले, कडबाकुट्टीत बोटं गेलेले, रोटाव्हेटरमध्ये पाय अडकलेले. पावसाळ्यात घसरून पडलेल्या आज्या. मे महिन्यात आंब्याच्या झाडावरून पडलेली पोरं, कोपर सुजलेलं आणि डोळे भेदरलेले. बऱ्याच जणांना आधी गावातल्या हाडवैद्याने लेप लावून, बांबूच्या कामट्या घालून करकचून बांधलेलं असतं.

बांधून आलेला हात दिसला की सगळं सोडा, एक्स-रेही थांबवा, आणि ते बांधलेलं आधी सोडवा. मी हे इतक्या ठामपणे का सांगतो, त्याला कारण आहे.

पहिल्या वर्षाच्या जानेवारीत ऊसतोडीच्या टोळीतला नऊ वर्षांचा मुलगा आला. बैलगाडीवरून पडून हाताची दोन्ही हाडं मोडली होती. संध्याकाळी भूल देऊन हाडं जागेवर बसवली आणि पूर्ण प्लास्टर घातलं. एक्स-रे छान आला, मी खूश होतो. रात्री अकराला सिस्टरचा फोन: पोरगं रडतंय. मी फोनवरच इंजेक्शन सांगितलं. दोनला परत फोन आला. या वेळी मी गेलो. बोटं गुलाबी होती, गरम होती, नख दाबून सोडलं तर रंग लगेच भरत होता. केसपेपरवर ‘रक्तपुरवठा चांगला’ असं लिहिलं, अजून एक इंजेक्शन दिलं आणि झोपायला गेलो. बाप म्हणत होता, “साहेब, लई ठणकतंय म्हंतंय, कवा न्हाई ते हातपाय आपटतंय.” मी म्हणालो, हाड मोडलंय, दुखणारच.

साडेपाचला सिस्टरने मला न विचारता सिनिअरना उठवलं. ते आले, काही न बोलता मुलाचं मधलं बोट हळूच सरळ केलं. त्याने जी किंकाळी फोडली ती वॉर्डभर ऐकू गेली. सिनिअरनी तिथेच प्लास्टर वरपासून खालपर्यंत कापलं, आतला कापूसही कातडीपर्यंत कापला. तरी ठणका कमी झाला नाही. तासाभरात तो ओटीत होता. फॅशिओटॉमी केली, म्हणजे स्नायूंवरचं घट्ट आवरण उघडलं. बरेचसे स्नायू चिमटा लावताच हलले. बोटं वाकवणारे खोलातले काही स्नायू मात्र फिकट पडले होते, ते हललेच नाहीत.

हा कंपार्टमेंट सिंड्रोम. स्नायूंचे गठ्ठे न ताणल्या जाणाऱ्या आवरणात बसलेले असतात. मार लागला की आत सूज येते, दाब वाढतो. बारीक रक्तवाहिन्यांचा दाब तेवढा नसतो, त्यामुळे त्या आधी मिटतात आणि स्नायू उपाशी मरतात. मोठ्या धमनीतला दाब खूप जास्त असतो, म्हणून मनगटाची नाडी शेवटपर्यंत लागते आणि बोटं गुलाबीही राहतात. मी जे बघून निर्धास्त झालो होतो, ते या आजारात उशिरापर्यंत शाबूतच असतं. नाडी जाईपर्यंत थांबलात तर हात गेलेला असतो. सहा तासांच्या पुढे स्नायूंचं नुकसान भरून निघणं अवघड होत जातं. मेलेले स्नायू पुढे आखडतात आणि पंजा कायमचा वळतो. फोल्कमान या जर्मन सर्जननी १८८१ साली घट्ट बांधलेल्या हातांबद्दल हेच लिहिलं होतं.

मग बघायचं काय? पहिलं, दुखापतीच्या मानाने जास्त वाटणारं आणि वाढत जाणारं दुखणं. दुसरं, बोटं आपण सरळ केली की होणारी वेदना. ही बोट सरळ करण्याची तपासणी दहा सेकंदांची आहे, ती दर वेळी करा. लहान मुलांना नीट सांगता येत नाही. त्यांच्यात तीन गोष्टी बघा: घाबरेपणा, चिडचिड, आणि पुन्हा पुन्हा लागणारं वेदनाशामक. माझ्या त्या मुलात तिन्ही होत्या. मुंग्या, बधिरपणा आणि बोटं न हलणं ही उशिराची लक्षणं. पेशंट बेशुद्ध असेल तर दाब मोजावा लागतो. खालचा रक्तदाब वजा कंपार्टमेंटचा दाब हा फरक ३० मिलिमीटरच्या खाली आला तर उघडायचं. शुद्धीवरच्या पेशंटमध्ये मात्र मशीन शोधत वेळ घालवू नका, तुमचा हात आणि त्याचा चेहरा पुरतो.

संशय आला की प्लास्टर आणि कापूस कातडी दिसेपर्यंत कापा. हात-पाय हृदयाच्या पातळीला ठेवा. सूज आहे म्हणून उशांवर उंच चढवाल तर रक्त अजून कमी पोचेल. रक्तदाब पडू देऊ नका. सिनिअरना फोन करा, आणि फोनवर ‘पेशंटला दुखतंय’ एवढंच सांगू नका. “मला कंपार्टमेंटची शंका आहे, प्लास्टर फाडलंय, तुम्ही या,” असं सांगा. प्लास्टर फाडल्यामुळे हाड सरकलं तर ते परत बसवता येतं. त्यासाठी कुणी ओरडलं तर ऐकून घ्या.

आता उघड्या फ्रॅक्चरबद्दल, म्हणजे हाड मोडून वरची कातडीही फाटलेली असते त्याबद्दल. गस्टिलो आणि अँडरसन यांचं १९७६ चं वर्गीकरण परीक्षेत हमखास विचारतात: एक सेंटिमीटरच्या आतली स्वच्छ जखम पहिल्या प्रकारात, वगैरे. पण आपल्या भागात त्यातली एक ओळ सोन्याची आहे. शेतात, मातीत, शेणात झालेली जखम तोंडाने कितीही छोटी दिसो, ती तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात गंभीर प्रकारातलीच धरायची. कारखान्याच्या रस्त्यावर पडलेल्या एका तरुणाच्या नडगीवर जेमतेम हरभऱ्याएवढं भोक होतं. ओटीत उघडलं तर आत पाचटाचे तुकडे आणि चिखल. कॅज्युअल्टीत आल्या आल्या, शक्यतो तासाच्या आत, शिरेतून अँटिबायोटिक जायला हवं. धनुर्वाताचं इंजेक्शन द्या. वरवरची घाण काढा, जखमेचा एक फोटो काढा, सलाइनमध्ये भिजवलेल्या गॉजने झाका आणि स्प्लिंट बांधा. फोटो यासाठी, की येईल तो प्रत्येक जण ड्रेसिंग उघडून बघतो आणि दर वेळी वॉर्डातले जंतू आत जातात. फोटो दाखवा, जखम झाकलेली राहू द्या.

कडबाकुट्टीत तुटलेलं बोट नातेवाईक थेट बर्फात घालून आणतात. बर्फाने ते गोठून खराब होतं. ओल्या गॉजमध्ये गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात, अशी पद्धत. गावाकडून फोन आला तर हे फोनवरच समजावून सांगा.

महामार्गावरच्या अपघातात हाडाकडे बघण्याआधी श्वास आणि रक्तदाब बघा, हे तुम्हाला शिकवलेलं आहेच. मांडीचं हाड मोडलं तर बाहेर थेंबही न सांडता लिटर-दीड लिटर रक्त आत जातं, कमरेच्या कड्यात त्याहून जास्त. कमरेचं कडं आवळून धरणारा पट्टा, म्हणजे बाइंडर, नसेल तर वॉर्डातली चादर घ्या आणि खुब्याच्या बाहेरच्या टोकांवर आवळून बांधा. नवी मुलं ती पोटावर बांधतात, त्याचा उपयोग होत नाही.

सगळ्यांच्या नजरेतून निसटणाऱ्या काही गोष्टी. गुडघा दुखतो म्हणून लंगडत आलेल्या जाडसर पोराचा खुबा तपासा, कारण खुब्याचं दुखणं गुडघ्यात उतरतं आणि गुडघ्याचा एक्स-रे नॉर्मल येतो. विजेच्या मोटारीचा शॉक बसलेल्या किंवा फिट आलेल्या माणसाचा खांदा दुखत असेल तर तो मागच्या बाजूला निखळलेला असू शकतो. समोरून काढलेल्या एक्स-रेत तो जागेवर असल्यासारखा भासतो, काखेतला व्ह्यू मागा. अंगठ्याच्या मुळाशी खळगीत दाबून दुखलं तर एक्स-रे स्वच्छ असला तरी स्लॅब (अर्धं प्लास्टर) द्या आणि दहा-चौदा दिवसांनी परत एक्स-रे काढा. कोपराच्या वर हाड मोडलेल्या मुलाला अंगठा आणि तर्जनीने गोल करायला सांगा. गोल होत नसेल तर नस (मज्जातंतू) दुखावली आहे, आणि ते ऑपरेशनच्या आधी केसपेपरवर लिहिलेलं पाहिजे. ऑपरेशननंतर सापडलं तर ती इजा कुणामुळे झाली, हे कुणीच सांगू शकत नाही. आणि मोठ्या अपघाताचा पेशंट दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्यापासून पायापर्यंत पुन्हा तपासा. मांडीच्या कळेत मोडलेलं बोट त्याला स्वतःलाही जाणवलेलं नसतं.

ऑपरेशननंतरच्या अडचणींत मला दोनच गोष्टी मनापासून सांगायच्या आहेत.

मांडी मोडलेला तरुण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरळायला लागला की वॉर्डात लगेच कुणीतरी म्हणतं, दारू उतरत असेल. असेलही. पण आधी ऑक्सिजनचं प्रमाण बघा, श्वास मोजा, छाती, काख आणि डोळ्यांच्या पापण्यांच्या आत बारीक लाल ठिपके शोधा. मोडलेल्या हाडाच्या मज्जेतली चरबी रक्तात जाऊन फुप्फुसात आणि मेंदूत अडकते. त्याचं हे रूप साधारण २४ ते ७२ तासांत दिसतं. तेव्हा ऑक्सिजन आणि आयसीयू लागतो. हात-पाय बांधून झोपेचं औषध दिलेला असा पेशंट मी पाहिलाय. तो वाचला, पण आपला बराच वेळ वाया गेला होता.

दुसरी गोष्ट पाणी येणारा टाका. प्लेट घातलेल्या जखमेतून आठवड्याने पाणी यायला लागलं की गोळ्या बदलून बघायचा मोह होतो. दोन दिवस बरं वाटतं, मग परत येतं. नमुना घेण्याआधी अँटिबायोटिक सुरू केलं तर जंतू कल्चरमध्ये उगवत नाही आणि नंतर सगळेच अंधारात चाचपडतात. लवकर उघडून धुतलेली जखम वाचवता येते. जंतूंनी धातूवर थर धरला की प्लेटच काढावी लागते. आपल्या हाताने केलेल्या ऑपरेशनची जखम परत उघडायची हे मान्य करायला मन तयार होत नाही, हे मला माहीत आहे. तरी उघडा. तंबाखू आणि मिसरीबद्दलही प्रत्येकाला विचारा, आज्यांनासुद्धा. निकोटिनमुळे हाड जुळायला उशीर लागतो, आणि मिसरीला व्यसन समजलंच जात नाही म्हणून ती कुणी आपणहून सांगत नाही.

वॉर्डातल्या मामांकडून प्लास्टर शिका. घोट्याला आणि टाचेला कापूस किती, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडाच्या गोळ्याजवळ दाब का पडू द्यायचा नाही, हे त्यांच्या बोटांना माहीत असतं. तिथली नस दबली तर पाऊल लटकतं. आणि सिस्टरचा एकाच पेशंटसाठी दुसरा फोन आला की उठून जा, मग झोप कितीही आलेली असो.

नातेवाइकांशी कसं बोलायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. त्या मुलाच्या ऑपरेशननंतर सिनिअर म्हणाले, बापाशी तू बोल, मी शेजारी उभा राहतो. मी त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं. आत सूज वाढली होती, हाताला रक्त कमी पडलं, म्हणून कातडी उघडी ठेवली आहे, पाच-सहा दिवसांनी मांडीची कातडी लावू, असं सगळं सांगितलं. तो ऐकत होता. मग त्याने विचारलं, “राती कापलं असतं तर?”

मी सिनिअरकडे बघितलं. ते काही बोलले नाहीत. मी म्हणालो, “हो दादा, रात्री कापलं असतं तर कदाचित हे ऑपरेशन लागलं नसतं. मला ते ओळखता आलं नाही.”

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “आता बरं करा.”

टोळी दरवर्षी त्याच कारखान्यावर यायची, त्यामुळे तीन हंगाम तो मुलाला दाखवायला आणत राहिला. तिसऱ्या हंगामात मुलगा सहावीत होता. मनगट वर उचललं की मधलं बोट आणि अनामिका अजूनही आत वळत होती, मनगट खाली केलं की सरळ व्हायची. मी त्याला कागद दिला. त्याने त्याच हातात पेन धरून स्वतःचं नाव लिहिलं, गावाचं नाव लिहिलं, आणि कागद माझ्याकडे सरकवला.