अणुभट्टीसाठी थ्रीडी प्रिंटेड स्टील: हीट ट्रीटमेंट करताना या चुका टाळा

२०२१ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्राच्या युनिट २ मध्ये थ्रीडी प्रिंट केलेले स्टेनलेस स्टीलचे चार फास्टनर बसवले गेले. अशा भागाचा भरवसा स्टीलची पावडर थरांनी वितळवणाऱ्या लेझरइतकाच नंतरच्या भट्टीवर असतो, आणि गफलती तिथेच होतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे लाटलेल्या प्लेटचा तापमान-वेळेचा चार्ट जसाच्या तसा वापरणं. लेझरने वितळवलेल्या ३१६एल या कमी कार्बनच्या स्टेनलेस स्टीलच्या दाण्यांत (स्फटिकांत) साधारण अर्ध्या मायक्रॉनच्या पेशींचं, म्हणजे सूक्ष्म कप्प्यांचं, जाळं असतं. त्यांच्या भिंतींवर डिसलोकेशन (स्फटिकरचनेतले दोष) दाटलेले, क्रोमियम-मॉलिब्डेनमही तिथे जास्त. प्रिंटेड जॉबची (भागाची) यील्ड स्ट्रेंग्थ, म्हणजे कायमचं वाकण्याआधी ताण सोसण्याची ताकद, बरीचशी या जाळ्यामुळे. १०५० अंश सेल्सियसच्या आसपास जाळं विरून जातं, ताकद उतरते. पण प्रिंटिंगच्या दिशेने लांबलेले दाणे तसेच राहू शकतात, कारण ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण त्यांच्या सीमा सरकू देत नाहीत. म्हणजे ताकदही गेली आणि दिशेनुसार बदलणारे गुणधर्मही राहिले! नवे, समान दाणे हवेच असतील तर बहुधा ११५० च्या वर जावं लागतं. ते झाले का, हे उभ्या आणि आडव्या दोन्ही छेदांत मायक्रोस्कोपखाली बघा. नुसत्या हार्डनेसवर विसंबू नका.

याउलट, जाळं टिकावं म्हणून ७००-८०० अंशांवर तासन्‌तास ठेवणंही घातक. पेशींच्या भिंतींवर आधीच साचलेल्या क्रोमियम-मॉलिब्डेनममुळे ठिसूळ सिग्मा फेज लवकर धरू शकते. ३१६एच या जास्त कार्बनच्या प्रकारात कार्बन ०.०४ ते ०.१० टक्के, त्यामुळे दाण्यांच्या सीमांवर क्रोमियम कार्बाइड बसण्याचा धोका वेगळाच. अणुभट्टीच्या गरम पाण्यात तणावाखाली तडे जातात ते अशाच सीमांवरून. साचलेले घटक पुन्हा स्टीलमध्ये विरघळवणाऱ्या सोल्युशन अ‍ॅनीलिंगनंतर जॉब भट्टीतच सावकाश गार करणाराही हाच धोका ओढवून घेतो. क्वेंच, म्हणजे गार करणं, जलद हवं.

जॉब वाकला? बहुधा स्ट्रेस रिलीव्हच्या (आतले ताण घालवण्यासाठी तापवण्याच्या) आधीच तो, ज्यावर प्रिंट झाला त्या बेस प्लेटवरून वायर-कटने कापला असेल.

हॉट आयसोस्टॅटिक प्रेसिंगनंतरही (उष्णतेत वायूने चहूबाजूंनी दाब दिल्यावरही) छिद्रं दिसत असतील, तर ती पृष्ठभागाशी जोडलेली आहेत का ते आधी पाहा. तशी छिद्रं दाबाने मिटत नाहीत, कारण दाब देणारा वायूच आत शिरतो. आणि आधी मिटलेली छिद्रं पुढच्या अ‍ॅनीलिंगमध्ये पुन्हा उघडली, तर पावडरच्या कणांतून येऊन आत अडकलेल्या आर्गॉन वायूचा संशय घ्या. तो स्टीलमध्ये विरघळत नाही. अशा वेळी भट्टीचं तापमान बदलत बसण्यापेक्षा पावडरचा लॉट तपासा.

चाचणीचा नमुना त्याच बिल्डमधला, जॉबच्या सर्वांत जाड भागाइतका जाड आणि भट्टीच्या त्याच चार्जमध्ये (खेपेत) ठेवलेला असावा. पातळ नमुना लवकर गार होतो आणि जाड भागाची खरी स्थिती लपवतो.