मेड्युसाला शाप कोणी दिला? ग्रीक-रोमन दैवतकथा वाचताना या चुका टाळा

मेड्युसाची गोष्ट हल्ली रीलमधून अशी फिरते: ती अथीना या देवीच्या देवळातली देखणी पुजारीण होती, पोसायडन या देवाने देवळातच तिच्यावर बळजबरी केली, आणि अथीनाने त्याला सोडून तिलाच शिक्षा दिली; केसांचे साप झाले. याहून ताजी आवृत्ती म्हणते की तो शाप नव्हताच, पुन्हा कुणी पुरुष जवळ फिरकू नये म्हणून अथीनाने दिलेलं ते संरक्षण होतं. खाली कमेंटमध्ये कुणीतरी हमखास विचारतं, ‘मी वाचलं त्यात तर ती जन्मापासूनच राक्षसीण होती. मग खरी गोष्ट कोणती?’

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक याच प्रश्नात आहे.

‘खरी गोष्ट’ शोधत बसू नका

ग्रीकांकडे वेदांसारखा किंवा बायबलसारखा एकच प्रमाण धर्मग्रंथ नव्हता. कवी, नाटककार, मूर्तिकार, गावोगावचे पुजारी असे सगळे जण आपापल्या परीने गोष्ट सांगत, आणि ती बदलण्याचा हक्क प्रत्येकाला होता. त्यामुळे ‘खरं काय’ असं विचारून काही हाती लागत नाही. ‘हे कोणी सांगितलं, आणि केव्हा’ असं विचारलं की गुंता सुटायला लागतो.

मेड्युसावरच करून पाहू. इ.स.पू. 700च्या आसपासचा कवी हेसिअड सांगतो की गॉर्गन नावाच्या तीन बहिणी होत्या. दोघी अमर, तिसरी मेड्युसा तेवढी मर्त्य. पोसायडन तिच्याशी रत झाला तो देवळात नव्हे, वसंतातल्या फुलांनी भरलेल्या कुरणात. पर्सियस या वीराने तिचं डोकं उडवल्यावर धडातून पेगॅसस हा घोडा आणि क्रायसाओर ही तिची दोन मुलं बाहेर पडली. या वर्णनात शाप नाही, अथीनाचा राग नाही, बळजबरीचा उल्लेखही नाही. कोर्फू बेटावरच्या आर्टेमिसच्या देवळाच्या त्रिकोणी शिल्पपटावर (सुमारे इ.स.पू. 580) मधोमध गॉर्गन आहे: वटारलेले डोळे, बाहेर काढलेली जीभ, कमरेला सापांचा पट्टा. शेजारी पेगॅसस आणि क्रायसाओर उभे आहेत आणि तिचं डोकं मात्र अजून धडावरच आहे. मूर्तिकाराला घटनाक्रमाची फिकीर नव्हती. बघणाऱ्याने ती कोण हे ओळखलं की त्याचं काम झालं.

पुढे इ.स.पू. 490 मध्ये पिंडार नावाचा कवी तिला ‘सुंदर गालांची’ म्हणतो, म्हणजे ती देखणी असल्याची कल्पना तोवर आलेली होती. देवळातला प्रसंग मात्र वाचायला मिळतो तो रोमन कवी ओव्हिडच्या ‘मेटामॉर्फसिस’मध्ये, इ.स. 8च्या सुमाराचा. हेसिअडनंतर साधारण सातशे वर्षांनी, लॅटिनमध्ये, रोममध्ये. तिथेही पात्रांची नावं नेपच्यून आणि मिनर्व्हा (पोसायडन आणि अथीनाची रोमन नावं) आहेत, आणि मेड्युसा पुजारीण असल्याचं ओव्हिड कुठेच म्हणत नाही. ही हकीकत तो पर्सियसच्या तोंडी घालतो, मेजवानीत कुणीतरी विचारल्यावर. म्हणजे जी मारली गेली तिची बाजू तिला मारणारा सांगतोय! ओव्हिडचा हा डाव माझ्या मते सगळ्या रील्सपेक्षा धारदार आहे, पण गोष्ट कोण सांगतंय हे न पाहता वाचलं तर तो लक्षातच येत नाही.

आणि ते ‘संरक्षण’? त्याला एकही प्राचीन आधार नाही. आजच्या वाचकांनी आपल्या काळासाठी घडवलेला तो अर्थ आहे. तसा अर्थ लावायला काहीच हरकत नाही, फक्त तो ग्रीकांच्या नावावर खपवू नये.

मेडियाचंही असंच. नवऱ्यावर सूड उगवायला पोटच्या पोरांना मारणारी आई, ही तिची ओळख युरिपिडीसच्या इ.स.पू. 431च्या नाटकाने पक्की केली. मुलांना कोरिंथच्या लोकांनी मारलं अशीही एक परंपरा होती. इडिपस म्हटलं की स्वतःचे डोळे फोडणारा राजा आठवतो, पण होमरच्या ‘ओडिसी’त आई-पत्नीने गळफास घेतल्यावरही तो थीब्जवर राज्य करतच राहतो. आणि इडिपस कॉम्प्लेक्सचा (मुलाला आईची ओढ असते या फ्रॉइडच्या सिद्धांताचा) हवाला देणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं की आपण लग्न कुणाशी करतोय हे त्या बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं.

तक्ता पाठ करून ग्रीक आणि रोमन एक करू नका

झ्यूस म्हणजे ज्युपिटर, हेरा म्हणजे जुनो, एरीस म्हणजे मार्स. शाळेच्या प्रोजेक्टपासून क्विझपर्यंत हा दोन रकान्यांचा तक्ता सगळीकडे असतो. तो खोटा नाही, रोमन लोक स्वतःच अशी जुळवाजुळव करत. पण त्यावरून ‘रोमनांनी ग्रीक देव उचलले आणि नावं बदलली’ असा निष्कर्ष काढला की घोळ होतो.

युद्धाचे देवच घ्या. होमरच्या ‘इलियड’ या ट्रॉयच्या युद्धावरच्या काव्याच्या पाचव्या सर्गात डायोमिडीस हा माणूस अथीनाच्या मदतीने एरीसच्या ओटीपोटात भाला खुपसतो. एरीस नऊ-दहा हजार योद्ध्यांनी एकदम आरोळी ठोकावी तसा किंचाळतो आणि रक्त दाखवत बापाकडे तक्रार घेऊन जातो. झ्यूस त्याला जवळ घेत नाही. सगळ्या देवांत मला तुझाच सर्वांत जास्त तिटकारा आहे, असं तोंडावर सुनावतो.

आता रोमचा मार्स पाहा. तो रोम वसवणाऱ्या रोम्युलसचा बाप, म्हणजे रोमचा मूळपुरुष. मार्च महिना त्याच्या नावाचा. इ.स.पू. दुसऱ्या शतकात शेतीवर ग्रंथ लिहिणारा केटो शेतकऱ्याला मार्सची प्रार्थना शिकवतो: रोगराई आणि खराब हवा दूर ठेव, धान्य आणि द्राक्षवेली वाढू दे, गुराखी आणि गुरं सुखरूप राख. त्याआधी डुक्कर, मेंढा आणि बैल असे तीन पशू शेताभोवती फिरवायचे आणि मग बळी द्यायचे. शेताच्या बांधावर असा मान एरीसला कुणी दिला असता?

उलटही उदाहरणं आहेत. चूल आणि अग्नीची ग्रीक देवी हेस्टिया हिच्या कथा जवळजवळ नाहीतच. तिची रोमन जोडीदारीण व्हेस्टा मात्र राज्याच्या केंद्रस्थानी होती. तिचा अग्नी विझू नये म्हणून निवडलेल्या मुली तीस वर्षं व्रतस्थ राहत. दोन तोंडांचा रोमन देव जेनस कुठल्याच ग्रीक देवाशी धड जुळत नाही. अपोलोचं तर नावही बदललं नाही.

लिहिताना एक साधी शिस्त पाळा: एका परिच्छेदात एकाच घरची नावं. ‘झ्यूसचा मुलगा हर्क्युलिस’ हे अर्धं ग्रीक, अर्धं रोमन झालं. झ्यूस म्हणायचं असेल तर हेराक्लीस म्हणा.

देवांना खाती वाटू नका

पोसायडन समुद्राचा, अपोलो सूर्याचा, आर्टेमिस चंद्राची, असं मंत्रिमंडळासारखं खातेवाटप सोयीचं असतं, पण त्याने देव कळत नाही. पोसायडन भूकंप घडवणारा आणि घोड्यांचाही देव. होमरच्या काव्यांत सूर्य हेलिऑस आहे, अपोलो नव्हे. ‘इलियड’च्या सुरुवातीला अपोलो येतो तो छावणीवर साथीचे बाण सोडत. सूर्याशी त्याची सांगड नंतर घट्ट झाली.

शिवाय प्रत्येक गावाचा देव वेगळा. अथेन्सची अथीना आणि स्पार्टाची अथीना, शिकार करणारी कुमारी आर्टेमिस आणि एफिससची छातीवर गोल फुगवट्यांच्या ओळी असलेली आर्टेमिस. आपल्याकडे तुळजाभवानी आणि अंबाबाई दोघीही देवीच, पण नवस एकीला बोलून दुसरीकडे फेडायला कुणी जात नाही, साधारण तसंच.

हेडिज म्हणजे सैतान नाही, यमही नाही

सिनेमांनी हेडिजला काळ्या झग्यातला खलनायक केलंय आणि आपण त्याला पटकन यमाच्या जागी बसवतो. हेडिज कुणाचे प्राण न्यायला येत नाही. मृत्यू म्हणजे थॅनटॉस, तो वेगळा. मेलेल्यांचा न्यायही हेडिज करत बसत नाही. त्यासाठी मायनॉस, रॅडमँथस आणि ईअॅकस यांची नावं येतात. तो पाताळाचा राजा, कडक आणि नियमाने चालणारा. पर्सेफनीचं अपहरण हा त्याचा मोठा अपराध खरा, पण त्याला झ्यूसची संमती होती, हे पर्सेफनीची आई डिमीटर हिच्या स्तोत्रात स्वच्छ लिहिलंय.

त्याचं राज्य म्हणजे नरकही नव्हे. बहुतेक मृतांना तिथे शिक्षा नाही आणि सुखही नाही, नुसतं सावलीसारखं असणं. ‘ओडिसी’त ट्रॉयच्या युद्धातला वीर अकिलीस याची सावली म्हणते, मेलेल्यांवर राज्य करण्यापेक्षा एखाद्या भूमिहीन माणसाकडे मजुरी केलेली पत्करली.

साम्य दिसलं की नातं जोडू नका

मराठी वाचकाची ही खास चूक. झ्यूसच्या हातात वज्र, म्हणून तो इंद्र. शुक्रवार म्हणजे रोमनांकडे व्हीनसचा दिवस, म्हणून शुक्र आणि व्हीनस एकच. आता शुक्राचार्य असुरांचे गुरू, आणि व्हीनस ही प्रेमाची देवी. समान आहे तो आकाशातला ग्रह. ग्रहांवरून वार मोजण्याची पद्धत इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत भूमध्य सागराकडून इकडे आली, गुप्तकाळातल्या एरणच्या शिलालेखात (इ.स. 484) गुरुवारचा उल्लेख आहे. वारांचा क्रम आला, देव आपापल्या जागी राहिले.

एक नातं मात्र पक्कं आहे: ऋग्वेदातला द्यौष्पिता, ग्रीक झ्यूस आणि रोमन ज्युपिटर ही नावं एकाच मुळातली. पण द्यौला ऋग्वेदात फारशा कथाच नाहीत, त्यामुळे त्या नावावरून झ्यूसच्या भानगडींचा उगम इकडे शोधण्यात अर्थ नाही.

प्रत्यक्ष संपर्काचे पुरावे हवेत तर ते ठोस आहेत आणि जवळही आहेत. कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकटच्या यवनांनी (ग्रीकांना तेव्हा यवन म्हणत) खांब दान केल्याचे लेख आहेत. कोल्हापूरजवळ पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या उत्खननात पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती सापडली. ती आली रोमशी चालणाऱ्या व्यापारातून. तिच्यावरून पोसायडनची इथे पूजा होत होती असं म्हणायला लागलात, तर पुन्हा त्याच खड्ड्यात.

सिनेमातलं होमरच्या नावावर टाकू नका

हे पटापट उरकतो. ट्रॉयचा लाकडी घोडा ‘इलियड’मध्ये नाही, ते काव्य ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या अंत्यविधीवर संपतं. घोड्याचा उल्लेख ‘ओडिसी’त आहे आणि सविस्तर वर्णन रोमन कवी व्हर्जिलच्या ‘इनीड’मध्ये. अकिलीसला टाचेला धरून पाताळातल्या स्टिक्स नदीत बुडवल्याची कथाही होमरकडे नाही, नदीत बुडवल्याचा उल्लेख इ.स. पहिल्या शतकातल्या स्टेशियस या रोमन कवीकडे मिळतो. पेगॅससवर स्वार होणारा मुख्य वीर बेलेरोफॉन, पर्सियस नव्हे. क्रॅकन हा समुद्री राक्षस ग्रीक नव्हेच, तो स्कँडिनेव्हियाकडचा. आणि पँडोराकडे पेटी नव्हती. हेसिअडने लिहिलाय तो धान्य-तेल साठवायचा मोठा रांजण. त्याची डबी झाली सोळाव्या शतकात, इरॅस्मस या विद्वानाच्या लॅटिनमध्ये.

‘ते लोक हे सगळं खरं मानायचे’ असं ठोकून देऊ नका

इ.स.पू. सहाव्या शतकातच झेनोफनीस या विचारवंताने होमर-हेसिअडला धारेवर धरलं होतं: माणसांत लाजिरवाणं समजलं जातं ते सगळं, चोरी, व्यभिचार, फसवणूक, यांनी देवांच्या माथी मारलंय. प्लेटोने आपल्या आदर्श नगरात असल्या गोष्टी मुलांना ऐकवायला बंदी घातली. तरीही रोजचे विधी चालूच होते, कारण ग्रीक धर्मात काय मानता यापेक्षा काय करता याला वजन होतं. वेदी देवळाच्या बाहेर उघड्यावर. पशूच्या मांडीची हाडं चरबीत गुंडाळून देवासाठी जाळायची, मांस लोकांनी वाटून खायचं. देवाला हाडं आणि माणसाला मांस हे कसं, याचं उत्तर म्हणून प्रोमिथियसने झ्यूसला फसवल्याची कथा आहे. विधी माहीत नसेल तर ती नुसती चलाखीची गोष्ट वाटते.

दोन साइट दोन गोष्टी सांगतात तेव्हा

आधी पाहा, लेखाने प्राचीन लेखकाचं नाव आणि सर्ग दिलाय का. ‘ग्रीक पुराणांनुसार’ एवढंच असेल तर तो लेख बाजूला ठेवा. नाव असेल तर काळ बघा. मग मूळ मजकुराचं भाषांतर उघडा. इंग्रजीत जुनी भाषांतरं फुकट मिळतात. हेसिअडची ‘थिऑगनी’ जेमतेम हजार ओळींची आहे, एका संध्याकाळी होते. अपोलोडोरसच्या नावावर असलेला कथासंग्रह रुक्ष आहे खरा, पण ‘काही जण असं म्हणतात’ म्हणत पाठभेद नोंदवतो, म्हणून पडताळणीला उत्तम. ओव्हिडने सुरुवात करू नका असं मी सांगेन. तो इतका रसाळ आहे की नंतर बाकीचे सगळे चुकलेत असं वाटायला लागतं.

सरावासाठी एक दावा देतो. बारा ऑलिंपियन देवांच्या यादीत डायोनायससला जागा व्हावी म्हणून हेस्टियाने आपलं आसन सोडलं, असं जागोजागी लिहिलेलं असतं. जुना आधार शोधायला गेलात तर ही गोष्ट कुठल्याच प्राचीन लेखकाकडे सापडत नाही. यादी गावागणिक बदलायची, एवढाच तो मामला. अथेन्सच्या पार्थेनॉन देवळाच्या पूर्वेकडच्या शिल्पपट्टीवर बसलेल्या बारांत डायोनायसस आहे आणि हेस्टिया नाही.