जुना फिल्म कॅमेरा आणि जुना डिजिटल कॅमेरा : घडण आणि मोल कसे पारखावे

सेकंडहँड कॅमेऱ्याच्या शोधात ठाण्याहून किंवा वाशीहून फोर्टच्या बोरा बाजारात जाणारे अनेकजण फिल्म कॅमेरा हातात तोलतात आणि त्याच्या जडपणालाच कारागिरी समजतात. ही कसोटी खरी नाही. निकॉनचा एफएम२ हा फिल्म कॅमेरा सुमारे ५४० ग्रॅमचा आहे, तर त्याच कंपनीचा डी७०० हा डिजिटल कॅमेरा बॅटरीशिवायच ९९५ ग्रॅम भरतो. घडण पारखायची असेल तर कॅमेऱ्याने काय काम करणे अपेक्षित आहे आणि ते तो इतक्या वर्षांनंतरही किती अचूक करतो, हेच पाहावे लागते.

तुलनेसाठी मी हीच जोडी सुचवतो, कारण १९८२ साली आलेला एफएम२ आणि २००८ साली आलेला डी७०० या दोघांवर एकच जुनी ५० मिलिमीटरची एआय (निकॉनची, हाताने फोकस करायची) लेन्स बसते. लेन्स एकच राहिल्यामुळे चित्रात दिसणारा फरक फिल्म, सेन्सर (डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी प्रकाश टिपणारा भाग) आणि कॅमेऱ्याची यंत्रणा यांचाच असतो. दोन वेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे दोन वेगळ्या लेन्स लावून तपासले, तर त्यातून कॅमेऱ्याविषयी फारसे काही कळत नाही.

एफएम२चे शटर, म्हणजे फिल्मवर ठरावीक वेळच प्रकाश पडू देणारा पडदा, पूर्णपणे यांत्रिक आहे. दोन छोटे बटन सेल फक्त लाइट मीटरसाठी लागतात. म्हणून दुकानात प्रथम सेल काढून ठेवावेत आणि एक सेकंदापासून १/४००० सेकंदापर्यंतचा प्रत्येक वेग चालवून पाहावा. मागचे झाकण उघडून, अ‍ॅपर्चर (लेन्समधले प्रकाशाचे छिद्र) पूर्ण उघडे ठेवून, कॅमेरा उजेडाकडे धरला की शटरची पाती उघडताना दिसतात. ती अडखळता कामा नयेत आणि त्यांवर तेलाचा ओघळ नसावा. एक सेकंदाच्या वेगाचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून उघडण्याच्या व मिटण्याच्या आवाजांमधले अंतर मोजता येते. वंगण सुकलेले असेल तर चूक बहुधा अशा संथ वेगांवरच पहिल्यांदा उघडी पडते. वेगवान शटर मात्र कानाला कळत नाही, त्यासाठी एक रोल खर्च करावाच लागतो : एकाच सपाट, सारख्या उजळलेल्या भिंतीचे फोटो १/१०००, १/२००० आणि १/४००० वर काढावेत. पाती वरून खाली धावणारी असल्यामुळे बिघाड असेल तर फोटोची वरची किंवा खालची कड काळवंडलेली दिसते. झाकणाच्या खाचेतला फोम बोटाला चिकटत असेल तर प्रकाश आत झिरपतो, पण तो बदलणे सोपे आणि स्वस्त असते. तेवढ्यासाठी चांगला कॅमेरा सोडू नये.

लेन्सच्या बाबतीत खाडीकाठच्या माणसाने अधिक कठोर असावे. ठाणे, ऐरोली, बेलापूर या पट्ट्यातली पावसाळी हवा बुरशीला पोसते. लेन्सच्या मागून तिरका टॉर्च मारून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर किंमत कितीही कमी असो, ती लेन्स परत करावी. बुरशी साफ करता येते, पण तिने काचेवरचा लेप खाल्ला असेल तर तो परत येत नाही.

डी७००ची कारागिरी डोळ्यांना सहज दिसत नाही, म्हणून ती नाहीच असे मानणे अन्यायाचे आहे. आरसा, सेन्सर आणि ऑटोफोकस यांची आपसातली जुळणी सूक्ष्म मापाची असते. ऑटोफोकस लेन्स लावून, तिरक्या ठेवलेल्या छापील पानाच्या एका ओळीवर फोकस करावा आणि तीच ओळ ठळक येते का ते पाहावे. त्याचे शटर कंपनीने दीड लाख वेळा चालवून तपासलेले आहे. आजवर किती वेळा चालले, तो आकडा फोटोच्या फाइलमध्ये नोंदलेला सापडतो. लेन्सचे झाकण लावून काही सेकंदांचा फोटो काढला की सेन्सरचे बिघडलेले ठिपके उजळून दिसतात. कार्डाच्या खाचेतल्या पिना वाकलेल्या नाहीत ना, हेही पाहून घ्यावे.

चित्रांची तुलना ठाण्याच्या मासुंदा तलावाच्या काठी, ऊन कलताना करावी, कारण तिथे चकाकणारे पाणी आणि झाडांखालची गडद सावली एकाच चौकटीत मिळते. रंगीत निगेटिव्ह फिल्म जास्तीचा प्रकाश सहज पचवते, तर डिजिटलमध्ये एकदा पांढरा पडलेला भाग परत मिळत नाही. त्यामुळे फिल्मवर प्रकाशाचे मोजमाप सावलीचे घ्यावे आणि डिजिटलवर उजेडाचे. दोन्हीवर शटर-अ‍ॅपर्चरचे एकच आकडे लावले तर एकावर अन्याय होतो. शेवटी दोन्हींचे ८ बाय १२ इंचांचे प्रिंट काढून शेजारी ठेवावेत. संगणकावर मोठे करून पाहताना आपण बऱ्याचदा फिल्मची नव्हे, लॅबच्या स्कॅनची परीक्षा करत असतो.

आता मोलाचा हिशेब. समजा रोल, धुलाई आणि स्कॅन मिळून १,५०० रुपये पडले, तर ३६ फोटोंच्या रोलमध्ये एक फोटो सुमारे ४२ रुपयांना पडतो, आणि महिन्याला दोन रोल म्हणजे वर्षाला ३६,००० रुपये. आपल्या लॅबचे दर घालून हा हिशेब खरेदीआधी मांडावा. दुसऱ्या बाजूला, एफएम२चे अडलेले शटर जाणकार कारागीर उघडून पूर्ववत करू शकतो. डी७००चा मुख्य सर्किट बोर्ड गेला तर दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याच्या आजच्या किमतीला गाठतो. खाडीतल्या रोहित पक्ष्यांचे एका सकाळी शेकडो फोटो काढणाऱ्याने डिजिटलच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मोजके फोटो काढून कॅमेरा पुढच्या पिढीच्या हाती द्यायचा असेल, तर एफएम२साठी जास्त पैसे मोजणे मला योग्य वाटते, मात्र चाचणीचा रोल धुऊन येईपर्यंत परतीची मुभा दुकानदाराकडून पावतीवर लिहून घ्यावी.