बूटेबल सीडीसाठी बूट इमेज कुठली घ्यायची?

पीसी दुरुस्तीत नवीन आलेली मुलं बूटेबल सीडी म्हटलं की आधी बर्निंग सॉफ्टवेअर उघडतात. त्याआधी ठरवायचं ते बूट इमेजचा, म्हणजे मशीन सुरू होताना सीडीवरून आधी चालवल्या जाणाऱ्या फाइलचा, प्रकार. सीडी बूट होत नाही तेव्हा ड्राइव्हला बोल लावण्याआधी मी तोच तपासतो.

सगळा कारभार फिनिक्स आणि आयबीएमने १९९५ साली आणलेल्या, सीडीवरून बूट करण्याच्या 'एल टोरिटो' नियमांवर चालतो. फ्लॉपी इम्युलेशनमध्ये, म्हणजे फ्लॉपीची नक्कल करताना, बायॉस (मशीन सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) सीडीवरच्या इमेजलाच ए ड्राइव्ह मानतो, खरी फ्लॉपी असली तर ती बी होते. इथे साइज चोख लागते: १.४४ एमबी म्हणजे १४,७४,५६० बाइट. डॉसमधल्या जुन्या युटिलिटींना हाच प्रकार सोयीचा. पण ए प्रॉम्प्ट आला म्हणजे सीडीवरच्या बाकी फाइली दिसतीलच असं नाही. त्यासाठी इमेजमध्ये सीडी-रॉमचा ड्रायव्हर आणि एमएससीडीईएक्स (सीडीला ड्राइव्हचं अक्षर देणारा डॉसचा प्रोग्राम), दोन्ही टाकावे लागतात. हार्ड डिस्क इम्युलेशनही आहे, त्याच्या वाटेला मी सहसा जात नाही.

विंडोज एक्सपीची सेटअप सीडी किंवा लिनक्सच्या सीडीवरचा बूटलोडर आयसोलिनक्स वापरतात 'नो इम्युलेशन', म्हणजे कसलीच नक्कल नाही. बायॉस सांगितलेले सेक्टर मेमरीत उतरवतो आणि बाजूला होतो. सेक्टरसंख्या चारच ठेवा: ५१२ बाइटचे चार, म्हणजे सीडीचा २०४८ बाइटचा एक सेक्टर. जास्त मागितले की काही जुने बायॉस अडखळतात. आयसोलिनक्स असेल तर आयएसओ बनवताना बूट इन्फो टेबलचा (इमेज डिस्कवर कुठे आहे ते सांगणाऱ्या तक्त्याचा) पर्यायही द्यायचा. यूईएफआय (बायॉसच्या जागी आलेली नवी पद्धत) मशीनला मात्र बूट कॅटलॉगमध्ये, म्हणजे बूट इमेजांच्या यादीत, वेगळी नोंद आणि फॅट फॉरमॅटची इमेज लागते. दोन्ही नोंदी एकाच डिस्कवर सुखाने नांदतात.

बर्न करण्याआधी आयएसओ फाइल (अख्ख्या सीडीची एका फाइलीतली प्रत) हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडायची सवय लावून घ्या. शून्यापासून मोजून सतराव्या सेक्टरवर, म्हणजे ३४,८१६ व्या बाइटपाशी जा. तिथे 'सीडी००१' आणि लगेच पुढे 'एल टोरिटो स्पेसिफिकेशन' ही इंग्रजी अक्षरं दिसली पाहिजेत. नसतील तर ती आयएसओ सीडीवरून बूट होणार नाही, कितीही कोऱ्या डिस्क जाळा. असतील तर त्याच सेक्टरमध्ये बूट कॅटलॉगचा पत्ता मिळतो. कॅटलॉगचे पहिले ३२ बाइट सोडले की पुढचा बाइट हेक्समध्ये ८८ हवा, म्हणजे नोंद बूटेबल. त्याच्या शेजारचा बाइट प्रकार सांगतो: ० असेल तर नो इम्युलेशन, २ असेल तर १.४४ ची फ्लॉपी, ४ असेल तर हार्ड डिस्क. मग क्यूएमयू किंवा व्हर्च्युअलबॉक्ससारख्या आभासी मशीनमध्ये एकदा चालवून बघा, डिस्क वाया जात नाही.

तीच आयएसओ जशीच्या तशी पेनड्राइव्हवर उतरवून जुन्या मशीनवर चालेल असं मात्र धरून चालू नका. पेनड्राइव्हवर बायॉस पहिल्याच सेक्टरमध्ये एमबीआर (बूट सुरू करणारा छोटा कोड) शोधतो आणि साध्या आयएसओत सुरुवातीचे सोळा सेक्टर रिकामे असतात. 'आयसोहायब्रिड' केलेल्या फाइलीत तिथे एमबीआर भरलेला असतो.