मांडीवरच झोपणारं बाळ: खाली कसं ठेवायचं, आणि नाहीच राहिलं तर रात्र कशी काढायची

दूध पिता पिता बाळ झोपतं, मूठ सैल सुटते, आणि पाळण्यात ठेवलं की दोन मिनिटांत डोळे टक्क उघडे. पहिल्या दोन-तीन महिन्यांत हे घरोघरी चालतं. "हाताची सवय लावलीस" असं बाळंतिणीला येणारा-जाणारा सुनावतो, पण पंधरा दिवसांच्या बाळाला सवय-बिवय काही लागत नसते. त्याची निम्मी झोप चाळवणारी असते: पापण्यांखाली बुबुळं हलतात, ओठ हसल्यासारखे होतात, श्वास कमी-जास्त होतो. झोपेची सुरुवातही याच चाळवणाऱ्या झोपेनं होते. त्यात अंगाची ऊब सुटली किंवा डोकं जरा मागे गेलं की दोन्ही हात फाकतात, बाळ दचकतं आणि रडतं.

बाळाला धरून झोपवण्यात धोका नाही. धोका आहे तो धरणाऱ्याचाच डोळा लागण्यात. रात्री तीन वाजता "पाच मिनिटं टेकते" म्हणून सोफ्यावर बसलेली आई आणि तिच्या छातीवरचं बाळ ही या विषयातली सगळ्यात वाईट जोडी. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2022 च्या सूचनांनुसार सोफा किंवा आरामखुर्चीवर झोपलेल्या बाळाच्या मृत्यूचा धोका 67 पटींपर्यंत वाढतो. बाळ घसरून सोफ्याची पाठ आणि माणसाचं अंग यांच्या फटीत जातं, नाक दाबलं जातं, आणि इतक्या लहान बाळाला मान फिरवून सुटता येत नाही. म्हणून आधी ठेवण्याची जागा नीट करायची, मग ठेवण्याचं कसब, आणि तरीही बाळ राहिलं नाही तर रात्रीची पाळी.

जागा

गादी सपाट आणि घट्ट हवी. तळहातानं दाबून हात उचलला की खळगा राहता कामा नये. कापसाची नवी, फुगीर गादी आणि घड्या घातलेली गोधडी या कसोटीत नापास होतात. पिंजून घट्ट भरलेली पातळ गादी चालते. वर एकच चादर, चारही बाजूंनी गादीखाली ताणून खोचलेली. उशी, लोड, तक्क्या, मऊ खेळणी, पाळण्याच्या कडेला लावायच्या गुबगुबीत झालरी, सगळं बाहेर. बाळंतविड्यात आलेला उशी-लोडांचा संच फोटोपुरता ठेवा.

मोहरीची उशी हा वादाचा मुद्दा. डोकं गोल व्हावं म्हणून ती देतात, पण तिनं हनुवटी छातीकडे झुकते आणि बाळाची मऊ श्वासनलिका तिथंच चेपते. डोकं चपटं होऊ नये यासाठी बाळ जागं असताना, कुणीतरी समोर बसून, त्याला थोडा थोडा वेळ पालथं ठेवा. झोपवताना तोंड एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे करा. तेवढं पुरतं.

बाळ नेहमी पाठीवर, रात्री आणि दुपारीही. "गुळणी आली तर घशात अडकेल, कुशीवर ठेव" असं मोठी माणसं काळजीनंच सांगतात, पण शरीराची रचना उलट आहे. बाळ पाठीवर असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते, त्यामुळे वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायला चढावं लागतं. पालथं केलं की हा क्रम उलटतो. आणि कुशीवर टेकू देऊन ठेवलेलं बाळ कधी पालथं होईल ते सांगता येत नाही.

लाकडी पाळणा चालतो, पण तळ सपाट हवा आणि दोऱ्या सारख्या लांबीच्या. एका बाजूला झुकलेल्या पाळण्यात बाळ घरंगळून कडेला चिकटतं. साडीची झोळी मात्र झोपेसाठी नको. तिच्यात पाठीची कमान होते, हनुवटी छातीला लागते आणि कापड चेहऱ्यावर येतं. घरात दुसरं काहीच नसेल, तर झोळीपेक्षा जमिनीवरची सतरंजी आणि पातळ गादी बरी. बाउन्सर, झोका-खुर्ची, गाडीतली बाळाची सीट यांचंही तेच: त्यात झोप लागली तर पोचल्यावर बाळाला काढून सपाट जागी ठेवा.

पाळणा आई-बाबांच्या खोलीतच ठेवा, निदान पहिले सहा महिने. डासांसाठी छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी उत्तम. तिचं कापड ताणलेलं राहिलं पाहिजे, चेहऱ्यापर्यंत लोंबता कामा नये. बंद खोलीत कॉइल लावू नका.

खाली ठेवताना

घाई इथंच नडते. जपानच्या राइकेन संस्थेतल्या कुमी कुरोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 मध्ये मांडलेलं निरीक्षण इथं थेट उपयोगी पडतं. रडणाऱ्या बाळाला घेऊन संथपणे पाच मिनिटं चालायचं. मध्ये थांबायचं नाही, वळणंही कमी. झोप लागली की बाळाला तसंच धरून पाच ते आठ मिनिटं बसायचं आणि मग ठेवायचं. बाळ सावध होतं ते गादीला टेकल्यावर नव्हे, तर अंगापासून सुटायला लागल्यावर, हेही त्यांना दिसलं.

आता हे प्रत्यक्षात कसं करायचं ते. दूध झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं खांद्यावर उभं धरून ढेकर काढा. ढेकर आली नाही तरी हरकत नाही, उभं धरणं महत्त्वाचं. लंगोट ओला असेल तर दूध पाजायच्या मध्यावर बदला, झोपल्यावर नको. मग दंड उचलून पाहा: हात सोडल्यावर कापडासारखा पडला, श्वास एकसारखा झाला, कपाळावरची आठी गेली, की झोप खोल गेली. खूपच चाळवणाऱ्या बाळाला हे व्हायला वीस मिनिटंही लागतात. तोवर मोबाईल बघा, पण बसून राहा.

ठेवताना हात लांब करून बाळ खाली सोडू नका. तुम्हीच कमरेतून वाका, बाळ छातीला चिकटलेलं असतानाच त्याला गादीपर्यंत न्या. आधी टाचा आणि कुल्ले टेकतील, मग पाठ, आणि डोकं शेवटी. डोकं आधी खाली गेलं की पडल्याची जाणीव होते आणि हात फाकतात. टेकल्यावर लगेच उठू नका. एक तळहात छातीवर, दुसऱ्यानं बाळाचे दोन्ही हात पोटाशी धरून दोन-तीन मिनिटं थांबा. मग आधी हातांवरचा हात काढा, नंतर छातीवरचा दाब हलका करत तळहात उचला. कुणकुण सुरू झाली तर लगेच उचलू नका; झोपेतही बाळं कण्हतात, तोंड वेडंवाकडं करतात. दहा-वीस सेकंद थोपटून पाहा. सूर चढत गेला तर मात्र उचला, ताणून धरण्यात हशील नाही.

थंडीत गार चादरीनंही बाळ जागं होतं. गरम पाण्याची पिशवी पाच मिनिटं गादीवर ठेवा आणि बाळ ठेवायच्या आधी काढून घ्या. चादर आपल्या मनगटाला कोमट लागावी, गरम नाही. चादरीच्या जागी आईनं रात्रभर नेसलेली सुती साडी घट्ट खोचली तर तिच्या वासानं काही बाळं राहतात. ती अंगावर किंवा डोक्याशी सैल ठेवू नका.

हे सगळं प्रत्येक झोपेला करायला जाल तर दोन दिवसांत कंटाळाल. संध्याकाळनंतरची पहिली मोठी झोप सगळ्यात सोपी जाते, तिथून सुरुवात करा. दिवसातली एखादी झोप पाळण्यात झाली तरी खूप झालं, बाकीच्या मांडीवर होऊ द्यात.

दुपट्यात बांधणं

दचकणं थांबवायला याचा उपयोग होतो. पातळ सुती दुपटं घ्या. खांदे आणि हात नीट आवळलेले, पण छातीवर आपली दोन बोटं शिरतील इतकी जागा. कमरेखाली मोकळं: पाय बेडकासारखे दुमडून फाकता आले पाहिजेत. पाय सरळ ताणून करकचून बांधले तर खुब्याचा सांधा निसटू शकतो. बांधलेलं बाळ फक्त पाठीवर. मोठ्यांच्या अंथरुणात बाळ घेणार असाल तर बांधू नका. आणि कुशीवर वळायची खटपट दिसली, साधारण तीन-चार महिन्यांत, की दुपटं त्याच दिवसापासून बंद. पालथ्या पडलेल्या बांधल्या बाळाला हात टेकता येत नाहीत.

ऊब हाता-पायांवरून ठरवू नका, ते गारच लागतात. छाती किंवा मानेच्या मागे हात लावा. घाम असेल तर एक कपडा उतरवा. आपल्यापेक्षा एक पातळ थर जास्त, इतकंच पुरतं. एसी असेल तर 24 ते 26 अंश, पंखा चालतो. घरात झोपताना पुरेशा वजनाच्या बाळाला टोपडं, कुंची नको: जास्तीची उष्णता डोक्यावाटे जाते, आणि टोपडं घसरून नाकावर येतं.

मांडीवरच झोपू द्यायचं असेल तर

द्या खुशाल, धरणारा पूर्ण जागा असेल तर. नाक-तोंड उघडं आणि दिसतंय, मान दुमडलेली नाही, पदर किंवा शाल चेहऱ्यावर नाही. कापडाच्या झोळीत छातीशी बांधणार असाल तर बाळ उभं, कपाळाचा मुका घेता येईल इतकं वर, हनुवटी आणि छातीत एक-दोन बोटांचं अंतर. त्या वेळी फोडणी, चहा, विळी यांपासून लांब.

जन्मवजन अडीच किलोपेक्षा कमी असलेल्या बाळांची गोष्ट वेगळी. त्यांना त्वचेला त्वचा लावून धरणं हा उपचारच आहे. जागतिक आरोग्य संघटना त्यासाठी दिवसाला 8 ते 24 तास सांगते. ही कांगारू पद्धत रुग्णालयात नर्सनी दाखवली तशीच घरी करा, टोपड्यासकट. वडील आणि आजीही ती करू शकतात.

रात्रीची पाळी

बाळ पाठीवर टिकतच नसेल तर माणसं वाटून घ्या. नऊ ते एक बाबांनी किंवा आजीनं दिवा मंद ठेवून, ताठ पाठीच्या खुर्चीत बसून धरावं. आईला फक्त पाजायला उठवावं आणि दूध झालं की बाळ परत घ्यावं. त्या चार तासांच्या सलग झोपेनं आईची पुढची रात्र निभते. पाळीवाल्याला पेंग यायला लागली की बाळ पाळण्यात, रडलं तरी, आणि दुसऱ्याला हाक. दोघंच असाल, सासर-माहेर लांब असेल, तर दिवसा दोन तास येणारं कुणीतरी शोधा. स्वयंपाकाला नको, बाळ धरायला.

आपल्याकडे बहुतेक घरांत बाळ आईजवळच झोपतं. सर्वात सुरक्षित जागा बाळाची वेगळीच, आईच्या हाताच्या अंतरावर. पण पाजताना डोळा लागेल असं वाटत असेल तर सोफ्यापेक्षा अंथरूण बरं, म्हणून ते आधीच तयार ठेवा. जमिनीवरची घट्ट गादी, भिंतीपासून लांब, म्हणजे फट राहणार नाही. बाळ आईच्या एकाच बाजूला. दोघांच्या मध्ये नाही, मोठ्या भावंडाशेजारी तर नाहीच. आई कुशीवर, गुडघे बाळाच्या पायांखाली वर घेतलेले, खालचा दंड बाळाच्या डोक्यावरच्या बाजूला; म्हणजे ना ती पुढे कलंडते, ना बाळ उशीकडे सरकतं. पांघरूण आईच्या कमरेपर्यंतच. केस आणि गळ्यातल्या माळा बांधून किंवा काढून. जाग आली की बाळ पाठीवर, त्याच्या जागी.

बाळ 37 आठवड्यांआधी जन्मलेलं किंवा कमी वजनाचं असेल, घरात कुणी सिगारेट-बिडी ओढत असेल, कुणी दारू घेतली असेल, किंवा आईला सिझेरियननंतर गुंगीची औषधं चालू असतील, तर एका अंथरुणात अजिबात नको. बाहेर जाऊन ओढली तरी धूर कपड्यांना राहतो. मिश्रीतलं निकोटीनही दुधात उतरतं.

झोपेसाठी हे नको

उगाळलेलं जायफळ, घुटी, मध, ग्राइप वॉटर यांपैकी काहीही. जायफळ किती उगाळलं गेलं याचा अंदाज राहत नाही आणि गुंगी आलेलं बाळ दूध ओढत नाही. मधातून एक वर्षाच्या आत बोट्युलिझम, म्हणजे जिवाणूंच्या विषानं होणारा गंभीर आजार, होऊ शकतो. शेक-शेगडीनंतर निखारे ठेवून दार बंद करू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गळ्यातला काळा दोरा आणि साखळी झोपताना काढा. मनगटावरची मनगटी राहू दे.

रडणं साधारण सहाव्या आठवड्यात टोकाला जातं. अगदी सहन होईना झालं तर बाळाला पाठीवर पाळण्यात ठेवून पाच-दहा मिनिटं दाराबाहेर जाऊन या. जोरात हलवू मात्र कधीही नका, मेंदूत रक्तस्राव होतो.

काही वेळा हातातच राहण्यामागे भूक असते. पाचव्या दिवसानंतर दिवसाला निदान सहा लंगोट ओले होत नसतील, दोन आठवड्यांत वजन जन्मवजनापर्यंत परत आलं नसेल, तर आधी दूध तपासा. रुग्णालयात बाळंतपण झालेल्या घरी आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी येतात, तेव्हा वजन करून घ्या. आडवं केलं की दर वेळी कमान करून किंचाळतं आणि वजनही वाढत नाही, असं असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. शांत असताना मिनिटाला 60 किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, ओठ निळसर, बगलेत 37.5 अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, किंवा अंग गार पडून दूध ओढणं बंद: यांतलं एकही दिसलं तर सकाळपर्यंत थांबू नका, 108 ला फोन करा.